त्या शनिवारची धार

मी एक बूट बोलतोय. रस्त्यावर फिरायचा नव्हे, बर्फावर धावायचा, तळाला पोलादी पातं बसवलेला. डाव्या पायाचा. उजव्या पायाचा माझा जोडीदार शेजारीच टांगलाय, पण तो पहिल्यापासून घुम्या, म्हणून दोघांच्या वतीने मीच तोंड उघडतोय. तशी जीभ मलाही आहे, नाडीच्या खाली, चांगली वीतभर. पण वेळेला तिचा काडीचा उपयोग झाला नाही, आणि तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका यंत्राने मला आकार दिला, दुसऱ्याने खाली पातं ठोकलं, आणि कोणाच्या पायात जायचं हे मला कोणी विचारलं नाही. पहिला मालक कॅनडातल्या रेजायना शहरातला, एका दंतवैद्याचा मुलगा. बर्फावरची हॉकी त्याला नको होती, त्याच्या बापाला हवी होती. एका हिवाळ्यात दोघांचीही हौस फिटली आणि मी गॅरेजमध्ये गवत कापायच्या यंत्रामागे जाऊन पडलो. उंदरांनी येऊन माझं अस्तर कुरतडलं. मी काय करणार? बुटाला स्वतःहून एक पाऊलही टाकता येत नाही, हा आमच्या जातीचा मोठाच विनोद आहे.

शरद ऋतूत आमच्याकडे गावोगावी जुन्या सामानाचा बाजार भरतो. पोरांचे पाय वाढतात, बूट वाढत नाहीत, म्हणून सगळे आपापली जोडी टेबलावर मांडतात आणि दुसऱ्याची उचलतात. अशाच एका बाजारात कॉरीन नावाच्या बाईने मला उचललं, आत हात घालून हुंगलं आणि नाक मुरडलं.

"वास मारतोय नुसता," ती म्हणाली.

"मारू दे ना आई," शेजारची मुलगी म्हणाली. "माझे मोजे काय कमी मारतात?"

ही टेगन. टेगन ह्लुश्को. तिने मला पायात चढवलं, तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की पाय कशाला म्हणतात. दंतवैद्याचा मुलगा माझ्यात उभा राहायचा, ही माझ्यात राहायला आली. नाड्या बांधताना आधी डावा, मग उजवा. चुकून उलट झालं तर दोन्ही सोडून पुन्हा पहिल्यापासून. जोडीदाराला याचा राग यायचा, मला मात्र बरं वाटायचं.

केल्डन हे तिचं गाव. घरात तिघं: टेगन, वृद्धाश्रमात स्वयंपाक करणारी कॉरीन, आणि कॉरीनचे वडील वासिल, ज्यांना टेगन 'गिदो' म्हणायची. गिदो म्हणजे आजोबा. आता या म्हाताऱ्याबद्दल नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याच हातून घडलं.

केल्डनच्या रिंकमध्ये, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानात, दारातून आत शिरल्यावर डाव्या हाताला एक खिडकी आहे. तिच्या आत धार लावायचं यंत्र. त्या खिडकीत वासिलने उमेदीची सगळी वर्षं काढली. गावातल्या प्रत्येक पोराच्या पात्याला त्याचा हात लागलेला. मग त्याची नजर अधू झाली. रिंकच्या समितीने त्याला एक केक कापायला लावला, टाळ्या वाजवल्या आणि खिडकीत ऑर्विलला बसवलं, नव्या यंत्रासकट. जुनं यंत्र वासिल घरी घेऊन आला. तेव्हापासून त्याने रिंकमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. नातीचा खेळ तो रेडिओवर ऐकायचा, आणि तोही 'सहज लागला होता' असं दाखवत.

धारेचं एक गुपित तुम्हाला सांगतो, नाहीतर माझं रडगाणं तुम्हाला कळायचं नाही. आमच्या पात्याला सुरीसारखी एकच धार नसते. तळाला मधोमध एक पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही काठांना दोन धारा. पन्हळ खोल असली की पातं बर्फाला घट्ट धरतं, धक्के देत, झटक्यात थांबत खेळणाऱ्याला ते बरं पडतं. उथळ असली की पातं सुळकन निसटतं. टेगनचा सगळा खेळ निसटण्यावर. तिला उथळच लागायची. ऑर्विल तिच्यासाठी अगदी नावापुरती पन्हळ ठेवायचा, आणि मग आम्ही जे वळण घ्यायचो! पाय न हलवता, बशीच्या काठावरून लोणी घसरावं तसे आम्ही पक, म्हणजे आमच्या खेळातली रबरी चकती, घेऊन गोलाच्या जाळीमागून जायचो आणि पलीकडे निघायचो. समोरच्या पोरी नुसत्या बघत राहायच्या. माझ्या आयुष्यातलं सुख म्हणाल तर तेवढंच.

त्या वर्षी नोव्हेंबरात मार्नी ऑक्स्ट आली. पूर्वेकडच्या एका विद्यापीठाच्या मुलींच्या संघासाठी ही बाई खेळाडू पारखत गावोगाव हिंडायची. स्काउट आली की रिंकमध्ये सगळ्यांना कळतं, आणि कोणाला काही कळलंच नाही असं सगळे वागतात. स्काउट वरच्या रांगेत कोपऱ्यात एकटी बसते, कॉलर वर करून. खाली बाप लोक एकाएकी सभ्य होतात, पंचाच्या आईबापांचा उद्धार बंद होतो.

खेळ संपल्यावर मी खिडकीच्या फळीवर होतो, धारेसाठी. मार्नीबाई कॉफीचा कप घेऊन तिथे आल्या.

"ही सतरा नंबरची मुलगी कोणाची?"

"कॉरीन ह्लुश्कोची," ऑर्विल म्हणाला. "वासिलची नात."

"वळते काय सुरेख! पाय हलवत नाही. आणि मान वर असते, पक कुठे येणार ते तिला इतरांच्या आधी दिसतं. ते शिकवून येत नाही."

ऑर्विलची छाती अशी फुगली की जणू त्यानेच तिला जन्म दिला होता. "मग? घेताय तर!"

"थांब रे, घाई करू नको. फटका मवाळ आहे. तो सुधारता येईल. कोपऱ्यात गर्दीत घुसायला कचरते, तेही होईल. पण ती मुकी आहे का? मोकळी उभी असते, आणि पक मागत नाही. बाकीच्या चौघी घसा फोडून ओरडतात, ही आपली बघत राहते."

"लाजाळू आहे जरा."

"अरे, बर्फावर कसली लाज?" मार्नीबाई हसल्या. "फेब्रुवारीत परत येते, आमच्या मुख्य प्रशिक्षक बाईंना घेऊन. जागा एक उरलीये. मनात दोन मुली आहेत."

त्या एका जागेचा अर्थ तुम्हाला कळायला हवा. आमच्याकडे मुलग्यांना शाळेनंतरही खेळायला दहा संघ मिळतात. मुलींची हॉकी शाळेबरोबर संपते. विद्यापीठाने उचललं तर खेळ पुढे, नाहीतर बूट खुंटीला. टेगनचं ते शेवटचं वर्ष होतं. डिसेंबर-जानेवारीत ती सकाळी शाळेच्या आधी रिंकवर यायची आणि रिकाम्या बर्फावर फक्त कोपऱ्यांत घुसायची, कडेच्या फळ्यांवर आदळायची, उठायची, पुन्हा घुसायची. ओरडायचा सरावही करायची. "इकडे! इकडे!" रिकाम्या रिंकमध्ये. मला हसूही यायचं आणि गलबलूनही यायचं.

मग फेब्रुवारीतला तो शनिवार उजाडला. खेळ दुपारी होता. सामन्याच्या दिवशी आधी थोडी झोप काढायची आमच्याकडे रीत आहे. टेगन झोपली, कॉरीन कामावर गेली, आणि मी पिशवीत पडवीत पडलो होतो. एवढ्यात पिशवीची चेन उघडली. वासिल.

त्याने आम्हा दोघांना बाहेर काढलं, गॅरेजमध्ये नेलं, आणि माझ्या पात्यावरून अंगठा फिरवला.

"अरे देवा," तो पुटपुटला. "ही काय धार म्हणायची? हिने लोणीसुद्धा कापलं जायचं नाही. ऑर्विल म्हणजे ऑर्विलच! आणि आज बाया येणार तिला बघायला. असं कसं पाठवू पोरीला?"

त्याने जुन्या यंत्रावरची चादर काढली. मी काय काय म्हणालो मनातल्या मनात! अहो, नका. ही धार बोथट नाही, ही तिचीच धार आहे. तुम्ही तिला बर्फावर पाहिलंच नाहीत हो, नुसतं ऐकलंत. पण माझं ऐकतो कोण? दगड फिरू लागला. म्हातारा गाणं गुणगुणत होता. किती दिवसांनी त्याच्या हाताला काम मिळालं होतं, ते त्या हातांवरून कळत होतं. नजर अधू, पण हात एकदम स्थिर. त्याने त्याच्या काळातल्या धक्काबुक्कीवाल्या बचावपटूंना लावायचा तशी खोल, कडक, बर्फात रुतणारी धार मला लावली. काम म्हणून ते अव्वल होतं. मी रडायचा बाकी होतो.

रिंकमध्ये टेगन कपडे बदलायला निघाली, तोच समोर वासिल. चर्चला जायचा कोट घालून, केस पाणी लावून चापून बसवलेले.

"गिदो! तुम्ही इथे?"

"मग काय रेडिओच ऐकत बसू? माझ्या नातीला बघायला लोक एवढ्या लांबून आलेत." त्याने तिच्या कानाशी तोंड नेलं, पण बोलला अख्ख्या लॉबीला ऐकू जाईल असं. "बूट बघ तुझे. मी लावलीये धार. माझ्या हातांनी."

टेगनच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला पिशवीतून दिसलं नाही. मला फक्त ऐकू आलं, तिने त्याच्या गालाची पापी घेतली आणि म्हणाली, "खरंच? तुम्ही? मग आज काय बघायलाच नको!"

सामन्याआधी अंग मोकळं करायला ती बर्फावर उतरली आणि पहिल्याच वळणावर मी रुतलो. नेहमीसारखं निसटायला गेलो तर पात्याने बर्फ धरून ठेवला. तिचा गुडघा मुरगळता मुरगळता वाचला. दुसरं वळण, तेच. ती सावकाश कडेला आली. तिथे फाटकाशी ऑर्विल उभा होता.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही."

"मला शिकवू नकोस. दाखव पातं." त्याने वाकून पाहिलं. तोंडातून एक शिवी निघाली, ती मी सांगत नाही. "वासिल?"

तिने मान हलवली.

"काढ बूट. पाच मिनिटांत पूर्वीसारखं करून देतो. अजून वेळ आहे."

टेगनने काचेतून लॉबीकडे पाहिलं. मीही पाहिलं. वासिल त्याच्या जुन्या खिडकीला टेकून उभा होता, कोपर फळीवर. भोवती गावातली म्हातारी मंडळी जमली होती. कोणी त्याची पाठ थोपटत होतं, कोणी त्याला चहा आणून देत होतं. यंत्र त्याच खिडकीत होतं, दुसरीकडे कुठेच नाही. बूट काढून तिथे नेले असते, तर सगळ्या गावासमोर, त्याच्या डोळ्यांदेखत, ऑर्विलने त्याची धार पुसली असती.

"नको, काका," ती म्हणाली.

"अगं वेडी आहेस का? वर बघ कोण बसलंय!"

"नको म्हटलं ना."

माग गं, मी म्हणत होतो. पाच मिनिटं माग. एकदा तोंड उघड. पण तिने नाड्या आणखी घट्ट केल्या आणि मध्यभागी गेली.

त्या सामन्याचं काय सांगू? मान वर होती, नजर तीच होती, पक कुठे येणार ते तिला दिसत होतं. पाय मात्र पोचत नव्हते. मी पोचू देत नव्हतो. प्रत्येक वळणावर तिला पावलं टाकावी लागत होती, धापा टाकत, चिखलातून चालल्यासारखी. मध्यंतरात तिने कपडे बदलायच्या खोलीत लाकडी बाकाच्या पायावर मला खसाखसा घासलं. आमचे लोक करतात तसं, धार मारायला. धार मेली, पण पन्हळ तेवढीच खोल राहिली. आता मी धड धरतही नव्हतो आणि धड सुटतही नव्हतो. तिने आणखी वाटोळं करून घेतलं होतं आणि त्यात माझा इलाज नव्हता.

आणि ऐका, त्या दिवशी ती ओरडली. कधी नाही ते ओरडली. "इकडे! इकडे!" पक आला. ती एकटी, पुढे फक्त गोलरक्षक. डावीकडे झुकायचं आणि गोलरक्षकाला वळसा घालायचा, हे आम्ही डोळे मिटून करायचो. ती माझ्यावर झुकली आणि मी घसरलो. मीच. ती छातीवर पडली, पक सरळ निघून गेला, आणि तोच पक घेऊन समोरच्यांनी जाऊन गोल केला.

वरच्या रांगेत मार्नीबाईंच्या शेजारच्या मुख्य प्रशिक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं. खाली वासिल मात्र टाळ्या वाजवत होता. "काही नाही, काही नाही! ऊठ पोरी!"

खेळानंतर लॉबीत मार्नीबाई आल्या. टेगन बाकावर बसली होती, मी तिच्या मांडीवर. बाई काही बोलणार, तेवढ्यात वासिल मध्ये घुसला आणि हात पुढे केला.

"मी हिचा आजोबा. वासिल. आजची धार मी लावलीये बरं का. या हातांनी."

मार्नीबाईंनी मला उचललं. पात्याकडे पाहिलं, पन्हळीत नख घातलं, मग टेगनकडे पाहिलं. टेगनने फक्त त्यांच्याकडे बघितलं. ती नजर मला आठवते. कुत्र्याचं पिल्लू मार खायच्या आधी बघतं ना, तशी.

"हात कसलेला आहे तुमचा," मार्नीबाई वासिलला म्हणाल्या.

म्हातारा खूश होऊन त्यांच्यासाठी कॉफी आणायला गेला. मार्नीबाई बाकावर टेकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ऑर्विल समोरच होता गं. पाच मिनिटं मागायची होतीस."

टेगन माझी नाडी बोटाला गुंडाळत राहिली.

"मी नोव्हेंबरात काय पाहिलं ते मला माहीत आहे. पण आमच्या बाईंनी फक्त आजचं पाहिलं. पाय जड आहेत म्हणतात. मी त्यांना खरं सांगते. पण त्या नुसत्या माझ्या शब्दावर जायच्या नाहीत. खाली येतील, बूट बघतील, चार जणांना विचारतील, तुझ्या आजोबांनाही. चालेल?"

कॉफीच्या काउंटरपाशी वासिल कोणाला तरी हात हलवून हलवून सांगत होता, पन्हळ कशी ठेवायची असते ते.

हो म्हण, मी म्हणालो. अगं हो म्हण. तुझं आयुष्य आहे. म्हातारा चार दिवस रुसेल, मग येईल ताळ्यावर. टेगनने मला छातीशी धरलं होतं आणि तिचं काळीज माझ्या कातड्यावर धडधडत होतं. इतक्या जवळ असून मला तिला एक शब्द सांगता आला नाही.

"नको," ती म्हणाली. "आज मीच वाईट खेळले."

मार्नीबाईंनी कोटाची बटणं लावली. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून उठल्या. "तुझ्यातलं हे चांगलं म्हणू की वाईट, मला खरंच सांगता येत नाही," असं म्हणाल्या आणि कॉफी न घेताच गेल्या.

जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. फोन आला तेव्हा घरात पेरोगी, बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, उकळत होत्या. कॉरीन संडासात जाऊन रडली. वासिल टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "त्या बायांना खेळातलं ओ की ठो कळत नाही! धारेत तर तसूभर कमी नव्हतं." टेगनने त्याच्या ताटात आंबट साय वाढली आणि म्हणाली, "नव्हतंच, गिदो."

उरलेल्या सगळ्या सामन्यांना तिने त्याच्याचकडून धार लावून घेतली. जड पावलांनी खेळली, हसत खेळली. मला तिचा राग यायचा, आणि त्या रागात मी तिच्यावर आणखीच जीव टाकायचो.

आता टेगन सॅस्कटूनला जनावरांच्या दवाखान्यात काम करते. हॉकी खेळत नाही. वेळ मिळत नाही म्हणते. आम्ही दोघं इथे, वासिलच्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेले. माझं कातडं तडकलंय, पात्याच्या कडेला गंज धरू लागलाय. वासिल दर आठवड्याला येऊन तो पुसतो. आलेल्या-गेलेल्याला मला दाखवतो आणि त्या शनिवारची गोष्ट सांगतो. गावातली पोरं आता कधीमधी त्याच्याकडे धार लावायला येतात. ऑर्विलच त्यांना पाठवतो, 'माझं यंत्र बिघडलंय' म्हणून. त्याचं यंत्र ठणठणीत आहे.

परवा दुपारी म्हातारा एकटाच आला. मला खिळ्यावरून काढलं, मांडीवर घेतलं. पन्हळीतून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा, हळूहळू. मग अगदी बारीक आवाजात, कोणी ऐकत नाही ना असं दाराकडे पाहून, त्याने मला विचारलं,

"खरं सांग रे. जास्त खोल गेली होती का त्या दिवशी?"

जन्मभर मी बोलता येत नाही म्हणून हळहळलो. त्या क्षणी तेवढ्यापुरता सुटलो. पण म्हाताऱ्याच्या मनात प्रश्न शिरलाय, आणि बुटाकडून उत्तर मिळालं नाही की तो माणसांना विचारत सुटेल. टेगन सांगणार नाही, ऑर्विल सांगणार नाही. आता तुम्हालाही सगळं कळलंय, म्हणून हात जोडता आले असते तर जोडून मागितलं असतं. कधी केल्डनला आलात आणि त्याने तुमच्यापुढे मला धरून हेच विचारलं, तर त्याच्या डोळ्यांत बघून 'नाही' म्हणा.